ट्रायटन : संमिश्र मोटरसायकलीतील जोडांचा विचार

१. विषयप्रवेश

एका कारखान्याचा सांगाडा, दुसऱ्याचे इंजिन आणि तिसऱ्याचे चाक एकत्र आणून त्यांतून एकच मोटरसायकल उभी करावयाची, हा उद्योग वरवर पाहता हौशी माणसांची लहर वाटतो. परंतु बारकाईने पाहिले असता त्यात एक मूलभूत प्रश्न दडलेला आढळतो. एका व्यवस्थेसाठी घडविलेला घटक दुसऱ्या व्यवस्थेत नेला असता तो तेथे कोणत्या अटींवर नांदतो, हा तो प्रश्न होय. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला तो अपरिचित नाही. इंग्रजीतील ‘टेबल’ हा शब्द मराठीत आला तेव्हा तो नपुंसकलिंगी झाला आणि ‘टेबलाला’, ‘टेबलावर’ असा मराठीच्या नियमांनी चालू लागला. शब्दाच्या बाबतीत असा मेळ चुकला तर ऐकणारा फार तर हसतो. यंत्राच्या बाबतीत तो चुकला तर ताशी शंभर मैलांच्या वेगाने जाणाऱ्या माणसाच्या प्राणाशी गाठ असते.

मराठीत या प्रश्नाचे मर्म एका क्रियापदाच्या दोन रूपांत सापडते. एखादा भाग जागेवर ‘बसतो’ असे आपण म्हणतो, आणि एखादा भाग ‘बसवावा लागतो’ असेही म्हणतो. पहिल्या प्रयोगात भाग आणि जागा यांचा मेळ आधीच ठरलेला असतो. दुसऱ्यात तो कोणीतरी घडवून आणावा लागतो. संमिश्र मोटरसायकलीचा सारा विचार या दोन प्रयोगांमधील अंतराचा विचार आहे. तो स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात इंग्लंडातील ‘ट्रायटन’ या प्रसिद्ध मोटरसायकलीचे उदाहरण घेतले आहे.

२. दोन घराणी

नॉर्टन कंपनीच्या ‘फेदरबेड’ नावाच्या सांगाड्यात ट्रायम्फ कंपनीचे दोन सिलिंडरांचे इंजिन बसवून जी मोटरसायकल तयार होते तिला ट्रायटन म्हणतात. कोणत्याही कारखान्याने ती मूळ नमुना म्हणून काढली नाही. ती आधी घरांच्या मागील पडव्यांत आणि लहान कर्मशाळांत जन्मली, आणि मागाहून काही व्यावसायिकांनी ती मागणीप्रमाणे बांधून देण्यास प्रारंभ केला.

फेदरबेड सांगाड्याचा आराखडा बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस याने केला. १९५० साली नॉर्टनच्या शर्यतीच्या मोटरसायकलींना तो प्रथम लाभला आणि त्याच वर्षी आइल ऑफ मॅन येथील ज्युनिअर व सीनिअर या दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनने पटकावले. हॅरॉल्ड डॅनियल या शर्यतपटूने तिच्यावर बसणे परांच्या गादीवर बसण्यासारखे आहे अशा अर्थाचे उद्गार काढले आणि त्यावरून सांगाड्याला नाव मिळाले, असे सांगतात. त्याची रचना साधी परंतु मार्मिक आहे. पोलादी नळ्यांचे दोन मोठे फेरे इंजिनाभोवती वळसा घालतात आणि पुढे, जेथे हँडलचा दांडा फिरतो त्या भागापाशी, वरच्या व खालच्या नळ्या एकमेकींना ओलांडून जोडल्या जातात. या ओलांडण्यामुळे सांगाडा पीळ खात नाही. वळणावर सांगाडा पिळला तर पुढचे आणि मागचे चाक एका प्रतलात राहत नाही आणि गाडी डोलू लागते. फेदरबेडमध्ये हे डोलणे फारच कमी झाले. १९५२ च्या हंगामापासून ‘डॉमिनेटर ८८’ या रस्त्यावरच्या नमुन्यासही हा सांगाडा मिळाला. १९६० साली स्वाराच्या गुडघ्यांपाशी वरच्या नळ्यांमधील अंतर कमी करण्यात आले. म्हणून आधीच्या सांगाड्यास ‘वाइडलाइन’ आणि नंतरच्यास ‘स्लिमलाइन’ म्हणण्याची पद्धत पडली.

ट्रायम्फच्या इंजिनाचा इतिहास याहून जुना आहे. एडवर्ड टर्नर याने १९३७ साली ‘स्पीड ट्विन’ हा ४९८ घनसेंटिमीटरचा नमुना पुढे आणला. त्यात दोन दट्टे बरोबर वर आणि बरोबर खाली जातात, मात्र स्फोट आळीपाळीने होतात. त्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट मिळतो. हे इंजिन इतके आटोपशीर होते की कंपनीच्या एक सिलिंडराच्या नमुन्यासाठी असलेल्या सांगाड्यातच ते बसविण्यात आले. म्हणजे परक्या घरात राहण्याची सवय या इंजिनाला जन्मापासूनच होती. पुढे १९५० च्या हंगामासाठी ६४९ घनसेंटिमीटरचे ‘थंडरबर्ड’ आणि १९५९ च्या हंगामासाठी दोन कार्बुरेटरांचे ‘बॉनव्हिल’ आले. हे इंजिन जोमदार होते आणि त्याची शक्ती वाढविण्याचे सुटे भाग सहज मिळत. मात्र ट्रायम्फच्या सांगाड्याचा लौकिक इंजिनाइतका चांगला नव्हता. वेगात घेतलेल्या वळणावर तो नॉर्टनइतका निश्चल राहत नसे.

चांगले इंजिन एकीकडे आणि चांगला सांगाडा दुसरीकडे, अशी ही स्थिती होती. दोहोंची गाठ पडण्यास एक अनपेक्षित निमित्त घडले. त्या काळी ५०० घनसेंटिमीटरच्या लहान शर्यती मोटारींची स्पर्धा लोकप्रिय होती आणि तिच्यासाठी नॉर्टनचे ‘मँक्स’ इंजिन सर्वोत्तम ठरले होते. नॉर्टन कंपनी ते इंजिन सुटे विकत नसे. यास्तव मोटारवाले अखंड मोटरसायकल विकत घेत, तिचे इंजिन काढून मोटारीत घालीत आणि उरलेला सांगाडा, चाकांसह, विकून टाकीत. इंजिनावाचून पोरके झालेले हे उत्कृष्ट सांगाडे ट्रायम्फच्या इंजिनांची वाट पाहत होते असे म्हणण्यास हरकत नाही.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील ‘एस कॅफे’सारख्या उपाहारगृहांपाशी जमणाऱ्या तरुणांमध्ये ट्रायटनला मोठी प्रतिष्ठा लाभली. परंतु ती केवळ मिरविण्याची वस्तू नव्हती. १९६५ साली बार्सेलोना येथील मोंजुईकच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डेव्ह डेगेन्स आणि रेक्स बुचर यांनी डेगेन्सच्या ‘ड्रेस्डा’ कर्मशाळेत बांधलेल्या ट्रायटनवर विजय मिळविला. संपूर्ण एक दिवस आणि एक रात्र अखंड धावणे ही जोडांची खरी कसोटी होय, आणि नीट विचाराने बांधलेले संमिश्र यंत्र ती उतरू शकते हे तेथे सिद्ध झाले.

३. नावाची घडण

‘ट्रायटन’ हे नाव ‘ट्रायम्फ’चा आरंभ आणि ‘नॉर्टन’चा शेवट यांच्या संयोगाने झाले आहे. योगायोगाने ते ग्रीक पुराणातील एका समुद्रदेवतेचेही नाव आहे. शिवाय त्या तरुणांच्या बोलीत ‘टन’ म्हणजे ताशी शंभर मैलांचा वेग, तेव्हा नावाला तोही ध्वनी लाभला. हीच पद्धत इतर संकरांतही दिसते. ट्रायम्फचे इंजिन आणि बीएसएचा सांगाडा यांपासून ‘ट्रिब्सा’ झाले, तर नॉर्टनचा सांगाडा आणि व्हिन्सेंटचे इंजिन यांपासून ‘नॉर्व्हिन’ झाले.

या तीन नावांची तुलना उद्बोधक आहे. ‘ट्रायटन’ आणि ‘ट्रिब्सा’ यांत इंजिनाचे नाव आधी आणि सांगाड्याचे नंतर येते. ‘नॉर्व्हिन’मध्ये हा क्रम उलटा आहे. यावरून असे दिसते की पदांचा क्रम भागांचे महत्त्व दाखवीत नाही. तो उच्चाराच्या सोयीने ठरलेला असावा. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही नावे तत्पुरुष समासासारखी नसून द्वंद्वासारखी आहेत. तत्पुरुषात उत्तरपद प्रधान असते. द्वंद्वात दोन्ही पदे समान असतात आणि त्यांचा क्रम पुष्कळदा उच्चारानुसार ठरतो. कमी स्वरांचे पद द्वंद्वात आधी ठेवावे असा नियम पाणिनीनेही सांगितला आहे. नावातील ही समानता मात्र यंत्रात आपोआप येत नाही. तेथे सांगाडा आणि इंजिन यांचे नाते प्रत्येक जोडापाशी नव्याने ठरवावे लागते.

४. इंजिनाची जागा

नॉर्टनच्या सांगाड्यावर ट्रायम्फच्या इंजिनासाठी अर्थातच छिद्रे नसतात. म्हणून दोहोंच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या जाड प्लेटा घालतात. या प्लेटांना एका बाजूस सांगाड्याच्या छिद्रांशी जुळणारी आणि दुसऱ्या बाजूस इंजिनाच्या छिद्रांशी जुळणारी छिद्रे असतात. कुशल कारागीर प्रथम जाड पुठ्ठ्याचा किंवा प्लायवुडचा नमुना कापतो, इंजिन लाकडी ठोकळ्यांवर सांगाड्यात ठेवून पाहतो, आणि सर्व अंतरे निश्चित झाल्यावरच धातूला हात लावतो.

इंजिन कोठे ठेवावे याची उत्तरे अनेक दिशांनी येतात आणि ती परस्परांशी भांडतात. इंजिन पुढे सरकविले तर पुढच्या चाकावर भार वाढतो आणि वळणावर ते चाक रस्ता धरून ठेवते. परंतु फार पुढे सरकविले तर पुढचा फोर्क पूर्ण दबल्यावर चाक अथवा मडगार्ड धुराड्याच्या नळ्यांवर आदळण्याचा संभव असतो. इंजिन खाली ठेवले तर गुरुत्वमध्य खाली येतो. परंतु फार खाली ठेवले तर गाडी कलल्यावर नळ्या रस्त्याला घासतात. वर ठेवले तर इंजिनाचा माथा सांगाड्याच्या वरच्या नळ्यांना इतका भिडतो की माथा उघडण्यासाठी दरवेळी अखंड इंजिन बाहेर काढावे लागते. म्हणजे भाग एकदा बसला एवढ्याने काम संपत नाही. तो दुरुस्तीसाठी काढता आला पाहिजे, याचाही हिशेब जागा ठरवितानाच करावयाचा असतो.

यानंतर साखळ्यांचा प्रश्न येतो. १९६२ पर्यंतच्या ६५० च्या ट्रायम्फ नमुन्यांत इंजिन आणि गिअरपेटी वेगवेगळ्या होत्या. १९६३ च्या नमुन्यांपासून त्या एकाच कवचात आल्या. वेगळ्या गिअरपेटीच्या इंजिनात पहिली साखळी इंजिनापासून क्लचपर्यंत आणि दुसरी गिअरपेटीपासून मागील चाकापर्यंत जाते. पहिल्या साखळीची दोन दातेरी चक्रे एका प्रतलात असली पाहिजेत, आणि दुसरीची दोन चक्रे दुसऱ्या, परंतु पहिल्याशी समांतर, प्रतलात असली पाहिजेत. मागील चाक आणि त्यावरील चक्र नॉर्टनचे असते. गिअरपेटी ट्रायम्फची असते. दोन कारखान्यांनी आपापली साखळी मध्यरेषेपासून किती अंतरावर ठेवावी हे स्वतंत्रपणे ठरविलेले असते. सरळ पट्टी लावून हे अंतर मोजावे आणि पडणारा फरक कडी घालून किंवा चक्र सरकवून भरून काढावा, हाच मार्ग. साखळी तिरपी चालली तर ती दात झिजविते आणि अखेर तुटते. तुटलेली साखळी मागील चाकात अडकली तर चाक जागच्या जागी थांबते.

ताण देण्याचा क्रमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पहिली साखळी ताणण्यासाठी गिअरपेटी मागे सरकवितात. तेव्हा दुसरी साखळी सैल होते. म्हणून पहिली आधी आणि दुसरी नंतर, हा क्रम मोडता येत नाही. प्लेटांतील लांबट खाचा पुरेशा नसतील तर साखळी थोडी झिजताच पुढील ताणाला जागा उरत नाही.

५. आट्यांचे घोटाळे

संमिश्र यंत्रातील सर्वांत फसवा जोड सर्वांत लहान असतो. तो नट आणि बोल्ट यांचा होय. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचे प्रमाण सुचविण्यापूर्वी प्रत्येक कर्मशाळेचे आटे निराळे होते. व्हिटवर्थने आट्याचा कोन ५५ अंशांचा ठरविला आणि प्रत्येक व्यासाला एका इंचात किती आटे असावेत ते नेमून दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यात भर पडली. सायकलींसाठी ६० अंश कोनाचे बारीक आटे १९०२ च्या सुमारास प्रमाण झाले आणि ते मोटरसायकलींतही आले. १९०८ साली ५५ अंशांचेच परंतु बारीक असे ‘ब्रिटिश फाइन’ आटे ठरले. पुढे १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचे ‘युनिफाइड’ आटे मान्य केले, आणि ट्रायम्फने १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते क्रमाक्रमाने स्वीकारले. त्यानंतरच्या जपानी व इतर भागांबरोबर मेट्रिक आटे आले. अशा रीतीने १९५५ चा सांगाडा, १९७० चे इंजिन आणि त्यानंतरचा ब्रेक एकाच गाडीत आले की चार-पाच निरनिराळ्या पद्धतींचे आटे तेथे एकत्र नांदू लागतात.

पाव इंच व्यासाच्या बोल्टाचे उदाहरण घेऊ. व्हिटवर्थ पद्धतीत त्यावर एका इंचात २० आटे असतात. ब्रिटिश फाइनमध्ये २६. सायकल पद्धतीतही २६. युनिफाइडच्या बारीक मालिकेत २८ आणि जाड मालिकेत २०. पाव इंच जाडीच्या नटात २६ च्या हिशेबाने साडेसहा आणि २८ च्या हिशेबाने सात आटे येतात. त्यामुळे २८ चा नट २६ च्या बोल्टावर चढवू लागले तर थोड्या फेऱ्यांतच अर्ध्या आट्याचा फरक साठतो आणि नट अडतो. ही चूक हाताला कळते, म्हणून ती फारशी धोक्याची नाही. पान्याच्या जोरावर नट पुढे रेटणाराच तेथे फसतो.

खरा धोका याच्या उलट बाजूस आहे. ब्रिटिश फाइन आणि सायकल या दोन्ही पद्धतींत पाव इंचाला २६ आटे असल्यामुळे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर शेवटपर्यंत चढतो. परंतु एकाचा कोन ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा असतो. दोन उतार एकमेकांवर सपाट टेकत नाहीत. ते एका अरुंद रेषेवर टेकतात. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण सारा भार त्या रेषेवर येतो. इंजिनाच्या कंपनाने ती रेषा चेपली की ताण सुटतो आणि नट फिरू लागतो. पाव इंची व्हिटवर्थ आणि जाड युनिफाइड यांचीही हीच कथा आहे. दोन्हींत आटे २० आणि कोन निराळे.

भाषांच्या संपर्कात याला जवळचे उदाहरण आहे. ‘शिक्षा’ हा शब्द मराठीत दंडाचा आणि हिंदीत शिक्षणाचा वाचक आहे. ‘राजीनामा’ मराठीत पदत्यागाचा अर्थ देतो, तर हिंदी-उर्दूत तो समेटाच्या लेखाचा अर्थ देतो. पूर्णपणे अनोळखी शब्द ऐकणाऱ्याला थांबवितो. ओळखीचा भासणारा शब्द त्याला चुकीच्या अर्थाकडे निःशंकपणे घेऊन जातो. आट्यांतही पूर्ण परके ते निरुपद्रवी आणि अर्धे ओळखीचे ते घातक, असा अनुभव येतो.

पान्यांवरील खुणा या घोटाळ्यात भर घालतात. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटाच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर सांगत नाही. तो पान ज्या बोल्टासाठी आहे त्याचा व्यास सांगतो. ‘पाव इंच’ असे लिहिलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात ०.५२५ इंच असते. युनिफाइड नटांच्या पान्यांवर मात्र दोन बाजूंमधील अंतरच लिहिलेले असते. एकच आकडा दोन पान्यांवर दोन निराळ्या गोष्टी सांगतो. यास्तव पाना बसला म्हणजे आटे जुळले असे अनुमान कधीही काढू नये. आटे मोजण्याच्या दातेरी पट्ट्यांनी आटा तपासावा, पट्टी आणि आटा यांच्यामधून उजेड दिसतो का ते पाहावे, आणि प्रत्येक नट प्रथम बोटांनी संपूर्ण लांबीभर फिरवून मगच पान्याने आवळावा.

६. चाक, ब्रेक आणि वेगाचे प्रमाण

जुन्या गाडीला नंतरच्या नमुन्याचे पुढचे चाक घालण्याचा हेतू बहुधा चांगल्या ब्रेकचा असतो. येथे आसाचा व्यास, बेअरिंगचे भोक आणि फोर्कच्या दोन पायांमधील अंतर ही तीन मापे जुळवावी लागतात. फरक असेल तर तो नव्या आसाने आणि कड्यांनी भरून काढणे इष्ट. फोर्कचा पाय कानशीने घासणे अनिष्ट. शिवाय चाकाची धाव सांगाड्याच्या मध्यरेषेवर आली पाहिजे. ती बाजूला राहिली तर आऱ्या पुन्हा ताणून ती मध्यावर आणावी लागते.

ड्रम ब्रेक लावला असता त्याची स्थिर तबकडी चाकाबरोबर फिरू पाहते. तिला फोर्काशी बांधून ठेवणारा दांडा किंवा खाच हा ब्रेकचा अविभाज्य भाग आहे. मूळ नमुन्यात ही खाच एका ठिकाणी आणि दुसऱ्या फोर्कवर तिचा खुंटा भलत्याच ठिकाणी असतो. चाक बसते, फिरते, ब्रेकही हळू वेगात लागतो. परंतु पहिल्याच जोरदार ब्रेकच्या वेळी तबकडी सुटून फिरली तर चाक आवळले जाते. जे नाते उभ्या गाडीत दिसत नाही ते केवळ भाराखाली प्रकट होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दातेरी चक्रांच्या दातांचा परिणाम सोप्या गणिताने समजतो. समजा, ट्रायम्फच्या पद्धतीनुसार इंजिनावर २४, क्लचवर ४३, गिअरपेटीवर १८ आणि मागील चाकावर ४६ दात आहेत. सर्वांत वरच्या गिअरात चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाचे सुमारे ४.५८ फेरे पडतात. आता मागील चाक नॉर्टनचे असून त्यावर ४३ दात असतील तर हे प्रमाण ४.२८ होते, म्हणजे सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते. गाडी सपाट रस्त्यावर शांत धावेल, पण चढावर इंजिन दमेल. गिअरपेटीवरील चक्र १८ ऐवजी १७ दातांचे केले तर प्रमाण ४.५३ वर येते आणि मूळ समतोल जवळजवळ परत मिळतो. एक दात बदलला की वेगमापकापासून चढाच्या शक्तीपर्यंत सर्व गोष्टी बदलतात, हे यावरून ध्यानात येईल.

विजेच्या भागांतही अशीच एक अदृश्य रूढी आहे. त्या काळच्या बहुसंख्य ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे; नंतरच्या भागांना ऋण टोक सांगाड्याला जोडलेले अपेक्षित असते. तार जुळली तरी दिशा जुळेलच असे नाही.

७. कंप

ट्रायम्फच्या इंजिनात दोन्ही दट्टे एकाच वेळी खाली-वर जातात, म्हणून त्यांचा धक्का एकमेकांना छेदून नाहीसा होत नाही. क्रँकवर उलट बाजूस वजन ठेवून या धक्क्याचा काही अंश तोलला जातो. परंतु ते वजन स्वतः फिरत असल्यामुळे उभ्या धक्क्याचा जो अंश ते कमी करते तितकाच आडवा धक्का निर्माण करते. कंप नष्ट होत नाही. त्याची दिशा बदलते. किती अंश तोलावा हे ठरविताना कारखाना आपल्या सांगाड्याचा स्वभाव पाहतो. एका सांगाड्यात उभा कंप सुसह्य असतो, दुसऱ्यात आडवा. म्हणून ट्रायम्फच्या सांगाड्यात शांत वाटणारे इंजिन नॉर्टनच्या सांगाड्यात स्वाराचे हात बधिर करू शकते, आणि दक्ष कारागीर क्रँक पुन्हा तोलून घेतात. इंजिनाच्या माथ्यापासून सांगाड्यापर्यंत जाणारा लहानसा आधारही येथे महत्त्वाचा ठरतो. तो नसेल तर प्लेटांची छिद्रे हळूहळू लांबट होतात आणि अखेर प्लेटा चिरतात.

८. महाराष्ट्रातील अनुभव आणि कायदा

आपल्याकडे या विषयाचे नित्याचे रूप रॉयल एनफील्डच्या बुलेटमध्ये दिसते. १९५५ साली या गाडीची निर्मिती मद्रासेत रुजली आणि इंग्लंडातील उत्पादन थांबल्यावरही ३४६ घनसेंटिमीटरचा मूळ आराखडा येथे अनेक दशके बराचसा कायम राहिला. त्यामुळे एका दशकातील गाडीचा भाग दुसऱ्या दशकातील गाडीस बसेल अशी समजूत महाराष्ट्रातील लहानमोठ्या गॅरेजांतही रुजणे स्वाभाविक होते, आणि ती पुष्कळदा खरीही ठरते. पण दीर्घायुष्याच्या याच गुणात धोका आहे. ७० मिलिमीटर व्यासाचे ३५० आणि ८४ मिलिमीटर व्यासाचे ५०० ही दोन्ही जुनी इंजिने ९० मिलिमीटर धावेची आहेत; म्हणून केवळ सिलिंडर बदलला की काम झाले असे वाटते. परंतु मोठा दट्ट्या जड असतो आणि त्याबरोबर क्रँकचा तोल बदलतो. तसेच जुन्या बुलेटमध्ये गिअर उजव्या पायाशी व ब्रेक डाव्या पायाशी असे. नंतरच्या नमुन्यांत ही व्यवस्था उलट झाली. गिअरपेटी बदलली की संकटाच्या क्षणी स्वाराचा पाय जुन्या सवयीने कोठे जाईल याचाही विचार करावा लागतो. येथे जुळवून घेणारा भाग धातूचा नसून माणूस असतो.

भारतातील मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार वाहनात असा फेरबदल करता येत नाही की ज्यायोगे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ उचलून धरला. ब्रिटनमध्ये नोंदणी-कार्यालयाने दीर्घकाळ वापरलेल्या गुणपद्धतीत मूळ सांगाड्याला ५ आणि इंजिनाला अवघा १ गुण असे. नावात द्वंद्व असले तरी कायद्याने तत्पुरुषच पाहिला, आणि त्यात सांगाडा प्रधान मानला, असे म्हणता येईल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की भागांची जुळणी आकारावर अवलंबून नसते, ती संबंधांवर अवलंबून असते. आट्याचा कोन, साखळीचे प्रतल, ब्रेकचा आधार आणि क्रँकचा तोल हे सर्व संबंध आहेत, आणि त्यांतील बहुतेक डोळ्यांना दिसत नाहीत. दुसरी अशी की अर्धवट जुळणारा भाग मुळीच न जुळणाऱ्या भागापेक्षा अधिक घातक असतो.

तिसरी गोष्ट कारागिराच्या नीतीची आहे. दोन भागांतील फरक कोठेतरी सामावावाच लागतो. तो मध्यस्थ भागात, म्हणजे प्लेट, कडी, आस यांत सामावला तर दोन्ही मूळ भाग अबाधित राहतात आणि पुढील पिढीला ते पुन्हा वेगळे करता येतात. तो मूळ भागात, म्हणजे सांगाड्याचे कान करवतीने कापून किंवा इंजिनाच्या कवचाला नवे छिद्र पाडून सामावला, तर एक यंत्र उभे करताना दोन यंत्रे कायमची नष्ट होतात. अशा रीतीने पुष्कळ चांगले सांगाडे गमावले गेले आहेत. म्हणून प्रत्येक संमिश्र गाडीबरोबर एक वही असावी. कोणता भाग कोणत्या वर्षाच्या कोणत्या नमुन्याचा, कोणत्या बोल्टावर कोणते आटे, कोणत्या कडीची जाडी किती, हे सर्व तीत नोंदलेले असावे. मूळ नमुन्याला कारखान्याची पुस्तिका असते. संमिश्र गाडीला ती कोणी लिहिलेली नसते. ज्याने गाडी बांधली त्यानेच ती लिहिली पाहिजे, कारण पुढे कधीतरी दुसऱ्याच कोणाच्या हातातील पाना त्याच नटावर लागणार आहे.